हाडे शोधायला लेक केनियाला?



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी जिल्ह्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र शिकते. ताई लिहितात, "आदिमानवाची हाडे खणायला शिकवणारी शाळा आफ्रिकेत असते, तिथे सहा आठवडे जायचे म्हणते. तिचे वडील म्हणतात, खणायचेच असेल तर आपल्या विहिरीतला गाळ काढ. पाठवावे की नाही?"

प्रश्न पिकाचा नाही, पण मातीचा आहे. तेव्हा या सदरात तो बसतो.

आधी ही शाळा कशी असते ते पाहू. केनिया देशाच्या उत्तर टोकाला तुर्काना नावाचे मोठे खारवट पाण्याचे सरोवर आहे. त्याच्या पूर्व काठावर कुबी फोरा ही जागा आहे. रिचर्ड लीकी यांच्या तुकडीने १९६८ साली तिथे शोधाला सुरुवात केली. पुढे केनियाची राष्ट्रीय संग्रहालये आणि अमेरिकेतील विद्यापीठे यांनी मिळून तिथे विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी शाळा काढली. वर्ग म्हणजे उघडे माळरान आणि वसतिगृह म्हणजे तंबू.

तिथेच हाडे का सापडतात? लाखो वर्षांपूर्वी नद्यांनी आणि सरोवराने गाळ आणून टाकला. मेलेली जनावरे त्यात गाडली गेली. हाडांत खनिजे मुरली आणि त्यांचा दगड झाला. मधूनमधून ज्वालामुखीची राख पडली. या राखेचे वय प्रयोगशाळेत काढता येते. त्यामुळे हाड राखेच्या कोणत्या दोन थरांमध्ये होते हे कळले, की त्याच्या काळाचा अंदाज येतो. आज तो मुलूख रखरखीत आहे. गवत विरळ, पाऊस थोडा, पण पडला की माती ओढून नेतो. आपण बांधबंदिस्ती करून जी धूप थांबवतो, तीच धूप तिथे जुनी हाडे उघडी पाडते. मात्र उघडे पडलेले हाड वेळेत उचलले नाही, तर पुढच्या पावसांत तेही फुटून वाहून जाते. म्हणून दरवर्षी तीच जमीन पुन्हा पुन्हा तुडवावी लागते.

विद्यार्थ्यांचे काम उजाडताच सुरू होते, कारण दुपारचे ऊन सोसत नाही. सगळे ओळीने, खाली मान घालून चालतात. काही दिसले की तिथे खूण रोवायची. हात लावायचा नाही. खणायची वेळ आली की सुतळी ताणून चौकोन आखतात. कुदळ फार थोडी. खरे काम थापी, कुंचला आणि दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी बारीक सळई यांचे. निघालेली माती चाळणीतून काढतात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात आणि तो कुठे, किती खोल होता ते लिहून ठेवतात. जागा न लिहिता उचललेले हाड म्हणजे गट नंबर न लिहिता पाठवलेला मातीचा नमुना. तपासणी होईल, पण उपयोग काय?

आदिमानवाचे हाड मात्र क्वचितच हाती लागते. रोज निघतात ती मासे, सुसरी, पाणघोडे, डुकरे, हरणे यांची हाडे. तीही वाया जात नाहीत. कुबी फोऱ्याला १९७२ साली बर्नार्ड न्गेनेओ यांना मानवाच्या पूर्वजाची प्रसिद्ध कवटी सापडली. जवळच्या राखेवरून तिचे वय आधी २६ लाख वर्षांहून जास्त धरले होते. पण त्याच थरांतील रानडुकरांचे दात या आकड्याशी जुळेनात. राखेची पुन्हा तपासणी झाली आणि वय सुमारे २० लाखांवर आले. डुकराच्या दाताने शास्त्रज्ञांचा हिशेब दुरुस्त करायला लावला!

आता ताईंच्या मालकांसाठी एक गोष्ट. या कामातला सर्वांत नावाजलेला शोधक म्हणजे केनियाचे कामोया किमेऊ. शाळा जेमतेम सहा वर्षे, मग शेळ्या राखणे. १९६० साली ते लीकी कुटुंबाच्या खोदाईवर मजूर म्हणून लागले. १९८४ साली तुर्कानाच्या पश्चिम काठावर, एका कोरड्या नदीजवळ, त्यांना काळ्या खड्यांत काळाच, काडेपेटीएवढा कवटीचा तुकडा दिसला. पुढच्या काही हंगामांत तिथून एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा निघाला. वय सुमारे १५ लाख वर्षे. जगात तो 'तुर्काना बॉय' म्हणून ओळखला जातो. १९८५ साली किमेऊंना अमेरिकेत व्हाइट हाउसमध्ये पदक देऊन गौरवण्यात आले. २०२२ साली ते वारले. रानात जनावरांमागे फिरून जमीन वाचण्याची जी नजर येते, ती तुमच्या लेकीकडेही असणार. ओघळ कुठून फुटला, पांढरी माती कुठे संपली, हे शेतकऱ्याच्या पोरीला शिकवावे लागत नाही.

म्हणून माझे मत असे. शिक्षण खरे आहे, थट्टेवारी नेऊ नका. पण पैसा सोडण्याआधी चार गोष्टी पाहा.

पहिली, शाळा कोणत्या विद्यापीठाची आहे, केनियाच्या संग्रहालयांची परवानगी आहे का आणि तिथले गुण आपले विद्यापीठ धरील का, हे लेखी मागवा.

दुसरी, फीमध्ये जेवण, तंबू, प्रवास, विमा यांपैकी काय धरले आहे? विमानभाड्यासह खर्च लाखांत जातो. शिष्यवृत्ती मिळते का, ते आधी विचारा. जमीन गहाण टाकून मात्र पाठवू नका. सहा आठवड्यांच्या अभ्यासाने लगेच नोकरी लागत नाही.

तिसरी, तब्येत. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावर, निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचा दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात. हिवतापाची औषधे डॉक्टरांना विचारून घ्या. दवाखाना किती लांब आणि रात्री तंबूंवर कोण असते, हे आईने स्वतः विचारावे. त्यात संकोच कसला?

चौथी, सापडलेले काहीही घरी आणता येत नाही. ते केनियाचे धन आहे, आणि तेच योग्य आहे.

पैशाची सोय होत नसेल तर लेकीचे मन मोडू नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख आणि आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. थापी आणि चाळण हातात धरायला इथेही शिकता येते. इथे दोन हंगाम घाम गाळूनही तिची हौस टिकली, तर केनियाचा अर्ज तिने खुशाल भरावा.

आणि विहिरीतल्या गाळाचे म्हणाल, तर तो बापलेकीने मिळून काढावा. कोणता थर कोणत्या थराखाली आहे, हे तिला वडिलांना सांगू द्या. ती कशासाठी एवढ्या लांब जायचे म्हणते, ते त्यांना तिथेच कळेल.