फवारणीचे विष अंगातूनही भिनते

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यांनी काही विष प्राशन केले नव्हते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, फवारा थेट तोंडावर-छातीवर यायचा. घामेजल्या कातडीतून आणि श्वासावाटे विष आत गेले. आणि आपण त्याला ‘औषध’ म्हणतो!

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके. त्यांची बाधा काही तासांतच दिसू लागते. मळमळ, तोंडाला लाळ, दरदरून घाम, धूसर दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे. अशा वेळी “ऊन लागलं असंल, पडतो जरा” म्हणू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा अन् तडक दवाखाना गाठा. डब्यावरचे लेबल सोबत न्याच. अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन या वर्गाच्या विषावर चालते, सगळ्याच विषांवर नाही. पंपात दोन-तीन औषधे कालवली असतील तर सगळ्यांची नावे डॉक्टरांना सांगा. फवारणारा मजूर असेल तर लेबल घेऊन मालकानेच जावे. मजुराच्या हातात बहुधा कालवलेली बादलीच येते, डबा तो बघतही नाही.