किरणोत्सारी वायू हवेत सोडला तेव्हा... थ्री माइल आयलंडच्या लोकांची भीती नेमकी कशाची होती?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला थ्री माइल आयलंड अणुऊर्जा प्रकल्प पुन्हा चर्चेत आहे. इथली बंद असलेली १ नंबरची अणुभट्टी परत सुरू करून तिची वीज २० वर्षं घेण्याचा करार मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये केला. शेजारची २ नंबरची भट्टी मात्र १९७९च्या अपघातापासून बंदच आहे.

वायू सोडायची वेळ का आली?

२८ मार्च १९७९ रोजी २ नंबरच्या भट्टीचा गाभा अर्धवट वितळला. भट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या बंदिस्त इमारतीत क्रिप्टॉन-८५ हा किरणोत्सारी वायू साठून राहिला. तो असेपर्यंत कामगारांना आत जाऊन दुरुस्ती आणि सफाई करणं अवघड होतं. वायू गोठवणं, कोळशात शोषून घेणं असे पर्याय तपासले गेले, पण त्यांना बराच वेळ लागणार होता. म्हणून तो थोडाथोडा हवेत सोडायचं ठरलं.

धोका किती होता?

क्रिप्टॉन-८५ हा निष्क्रिय वायू आहे. तो शरीरात साठत नाही आणि हवेत लवकर विरळ होतो. त्यामुळे आजूबाजूच्या लोकांना होणारा किरणोत्सर्ग अत्यल्प असेल, असं अणुनियामक आयोगाचं म्हणणं होतं.

मग लोक का चिडले?

कारण वर्षभरापूर्वीचा अनुभव. अपघाताच्या दिवशी कंपनीने आधी सगळं आटोक्यात असल्याचं सांगितलं, नंतर चित्र बदललं. ३० मार्चला हेलिकॉप्टरने थेट चिमणीच्या वर घेतलेली नोंद वस्तीतली आहे, असा अधिकाऱ्यांचा गैरसमज झाला आणि गोंधळ उडाला. त्याच दिवशी पाच मैलांच्या आतल्या गर्भवती आणि लहान मुलांना बाहेर जाण्याचा सल्ला गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी दिला. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ४० हजार लोक घर सोडून गेले. आता तीच यंत्रणा 'घाबरू नका' म्हणत होती!

तोडगा कसा निघाला?

थॉर्नबर्ग यांनी अणुऊर्जेवर टीका करणाऱ्या 'युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स' या संघटनेचंच मत मागवलं. या वायूने थेट शारीरिक अपाय होणार नाही, पण लोकांच्या मानसिक ताणाकडे दुर्लक्ष करू नका, असं तिने सांगितलं. दुसरीकडे, आसपासच्या गावांतल्या सुमारे ५० नागरिकांना किरणोत्सर्ग मोजायचं प्रशिक्षण मिळालं. त्यात सामान्य गावकरी होते. उपकरणं त्यांच्या हातात आणि आकडेही त्यांचेच.

२८ जून ते ११ जुलै १९८० दरम्यान सुमारे ४३ हजार क्युरी क्रिप्टॉन सोडला गेला. २३ जुलैला माणसं पहिल्यांदा त्या इमारतीत शिरली.

भीतीची किंमत कोण मोजतं?

१ नंबरची भट्टी अपघातानंतर पुन्हा सुरू करण्याआधी लोकांच्या मानसिक त्रासाचा विचार व्हावा, यासाठी स्थानिक संघटना कोर्टात गेली. पर्यावरण कायद्यानुसार आयोगावर तसं बंधन नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. १९८५ मध्ये भट्टी सुरू झाली आणि २०१९ मध्ये तोट्यामुळे बंद पडली. मायक्रोसॉफ्टचा करार याच भट्टीबद्दल आहे.

फुकुशिमाचं प्रक्रिया केलेलं पाणी ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडलं जाऊ लागलं, तेव्हाही हेच दिसलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ते मानकांत बसतं असं सांगूनही मच्छीमारांचा विरोध मावळला नाही. आकडा बरोबर असणं पुरेसं नसतं. तो कोण सांगतंय आणि आपल्याला तपासता येतो का, हेही लोक बघतात.