गरीब मुलुखांत नवा व्यापार कशानें उपजतो?

गरीब देशांत व्यापारास नवी वाट कशानें सुचते, या प्रश्नाचें उत्तर बहुधा भांडवल, यंत्रें किंवा परदेशी विद्या यांत शोधलें जातें. आमचें मत निराळें आहे. जेथें नित्याची अडचण आणि परस्परांवरील भरंवसा हीं एकत्र येतात, तेथेंच नवी युक्ति मूळ धरते. याचा दाखला आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतच आहे.

वऱ्हाडांतील शेतकऱ्याची अडचण जुनीच आहे. सुगींत सर्वांचा माल एकदम बाजारांत उतरतो, भाव पडतो, आणि त्याच वेळीं घेणेकरी दारांत उभे असतात. २०२४ च्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये ठरला असतां पुष्कळांस त्याहून कमी दरानें माल विकणें भाग पडलें. खामगांवास आगगाडी १८७० सालीं आली. तिनें कापसास दूरची पेठ दिली, पण शेतकऱ्यास थांबण्याचें बळ दिलें नाहीं.

तें बळ देण्याचा एक मार्ग बुलडाणा अर्बन पतसंस्थेनें धरला. श्री. राधेश्याम चांडक यांच्या पुढाकारानें १९८६ सालीं ती निघाली तेव्हां सभासद ७२ आणि भांडवल अवघें १२,००० रुपये होतें. पुढें तिनें गोदामें उभारून आंत ठेवलेल्या मालाच्या तारणावर कर्ज देण्यास आरंभ केला. कर्जानें निकड भागते आणि विक्री लांबवितां येते. बाजार समित्यांचीही अशी तारण योजना आहे. तारणाची कल्पना सावकारीइतकीच जुनी. नवें इतकेंच कीं, जमिनीऐवजीं पोतीं गहाण पडूं लागलीं.

केनियांत २००७ सालीं निघालेल्या एम-पेसाची गोष्ट याच जातीची आहे. शहरांतील मजुरास गांवीं पैसा धाडावयाचा असे आणि बँका विरळ होत्या; तेथें कोपऱ्यावरचा दुकानदारच पेढी बनला. मोबाईल हें साधन खरें. पण दुकानदार रोकड देईल हा भरंवसा नसता, तर तें निरुपयोगी ठरतें.

म्हणूनच भरंवसा ढळणें हा सर्वांत मोठा तोटा होय. अलीकडे राज्यांतील कांहीं पतसंस्था बुडून ठेवीदार हवालदिल झाले, हें विसरतां येत नाहीं. शिवाय थांबल्यानें भाव चढेलच असें नाहीं. न चढल्यास व्याज व भाडें शेतकऱ्याच्याच माथीं बसतें. ही गोष्ट कर्ज देतांनाच त्यास स्पष्ट सांगितली पाहिजे.

संसदेनें २००७ सालींच वखारींचा कायदा केला, आणि नोंदणी झालेल्या वखारीच्या पावतीस हुंडीप्रमाणें हातोहात फिरण्याची सोय झाली. आतां चोख तोल, प्रामाणिक प्रतवारी आणि वेळच्या वेळीं तपासलेले हिशेब हीं कामें आपल्याच हातीं आहेत. शेतकरी थांबला तर आपला नफा बुडेल, ही भीति व्यापारी बंधूंनीं टाकावी. बारमाही माल मिळाल्यास गिरणीही बारमाही चालते. ज्या पेठेच्या पावतीस कोणीही डोळे मिटून पैसा देईल, त्या पेठेंत नव्या उद्योगांची वाण पडणार नाहीं.