सगळेच कर्ण, मग द्रौपदी कोण?

आमच्या होस्टेलवर प्रत्येक जण कर्ण आहे. एम-थ्री राहिला की कर्ण, प्लेसमेंट हुकली की कर्ण! ‘मृत्युंजय’ची एक फाटकी प्रत विंगभर फिरते. औंढ्याचं देऊळ पांडवांनी बांधलं, हे ऐकत मी जवळा बाजारला वाढलो. इथं आल्यावर ‘महं’ म्हणालो की पोरं हसायची. तेव्हा मलाही याच पुस्तकानं आधार दिला. खोटं कशाला बोलू?

१९६७ सालच्या या कादंबरीत शिवाजी सावंतांनी सहा जणांना बोलतं केलं : कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण. द्रौपदी त्यात नाही. महाभारतात भर सभेत तिची वस्त्रं उतरवायला सांगणारा कर्णच. आधी स्वतःला हरलेला धर्मराज मला पणाला लावू शकतो का, हा तिचा प्रश्न. मोठमोठे गप्प बसले.

मित्रांनो, जुन्या कथा नव्यानं सांगाव्यातच. ‘ओडिसी’तल्या सर्सी या चेटकिणीला मॅडलिन मिलरनं २०१८ साली स्वतःची गोष्ट सांगू दिली. पण नवी गोष्ट वाचताना अजून कोण बोललेलं नाही, हेही बघावं.

माझ्या फीसाठी धाकट्या बहिणीचं शिक्षण बारावीला थांबलं. घरात बैठक झाली, तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. म्हणजे त्या सभेत मी कर्णसुद्धा नव्हतो. गप्प बसलेल्यांतला एक होतो.

दिवाळीत घरी गेलो की आधी तिला विचारणार आहे.