लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये देशादेशांत फरक का पडतो?

फेब्रुवारी २०१९मध्ये जपानमधील फुकुओका शहरात 'इव्हो जपान' ही स्पर्धा झाली. लढतीच्या व्हिडिओ गेमच्या जगात 'इव्हो' या नावाला मोठी प्रतिष्ठा आहे. या स्पर्धेत 'टेक्केन ७' या खेळाचे विजेतेपद लाहोरच्या अर्सलान सिद्दीक या तरुणाने पटकावले. 'अर्सलान ॲश' या नावाने खेळणाऱ्या या युवकाची जपान किंवा दक्षिण कोरियातील नामवंतांनी फारशी दखल घेतली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लास वेगास येथे झालेल्या मुख्य इव्हो स्पर्धेतही तो अजिंक्य ठरला. अंतिम लढतीत त्याने दक्षिण कोरियाच्या बे जे-मिन अर्थात 'नी' या अनुभवी खेळाडूचा पराभव केला.

या विजयाहून अधिक चर्चा झाली ती अर्सलानच्या सांगण्याची. आपल्या तोडीचे आणखी खेळाडू मायदेशी आहेत, असे त्याने सांगितले होते. अनेकांना ती अतिशयोक्ती वाटली. मात्र 'नी' स्वतः पाकिस्तानात जाऊन तेथील खेळाडूंशी खेळून आला आणि या सांगण्यातील तथ्य जगाला कळले. पुढे आतिफ बट या दुसऱ्या पाकिस्तानी खेळाडूने २०२२च्या मोसमातील टेक्केन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा जिंकली. २०२३मध्ये रियाध येथे झालेल्या टेक्केनच्या राष्ट्रांच्या स्पर्धेत पाकिस्तानच्या संघाने दक्षिण कोरियाला हरवले.

या खेळांचे माहेरघर जपान. 'स्ट्रीट फायटर'ची निर्माती कॅपकॉम ही ओसाकाची कंपनी आहे, तर 'टेक्केन' ही नामको या जपानी कंपनीची निर्मिती. मग ज्या देशात हे खेळ तयार होत नाहीत, ज्याच्याकडे मोठे प्रायोजक नाहीत आणि ज्याच्या नागरिकांना व्हिसा मिळवताना दमछाक होते, तो देश अचानक आघाडीवर कसा येतो? खेळाडूंच्या कौशल्यात देशागणिक पडणारा हा फरक नेमका कशामुळे निर्माण होतो?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. काही देशांतील लोकांचे हात उपजतच चपळ असतात, हे पहिले. ज्याच्याकडे पैसा आणि यंत्रे अधिक तो देश पुढे, हे दुसरे. गेल्या तीन दशकांचा इतिहास पाहिला, तर ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

प्रथम या खेळाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. लढतीच्या खेळात दोन खेळाडू पडद्यावरील दोन लढवय्यांना समोरासमोर उभे करतात. पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. यातील प्रत्येक चित्राला 'फ्रेम' म्हणतात. डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीला हाताने प्रतिसाद देण्यास माणसाला साधारणपणे एक पंचमांश ते एक चतुर्थांश सेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. खेळातील अनेक ठोसे त्याहून कमी अवधीत प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचतात. ते पाहून अडवणे कोणत्याही देशाच्या माणसाला शक्य नसते. प्रतिस्पर्धी आता काय करील, याचा अंदाज आधीच बांधावा लागतो.

हा अंदाज पाठांतराने येत नाही. २०२३मध्ये आलेल्या 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये सुरुवातीला १८ पात्रे होती. एकाच पात्राची स्वतःशी होणारी लढत धरली, तर त्यांच्या १७१ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचे डावपेच वेगळे असतात. एखाद्या पात्राचा निष्णात खेळाडू आपल्या परिसरातच नसेल, तर त्या पात्राविरुद्धचा सराव होणार तरी कसा? कुस्तीच्या भाषेत सांगायचे, तर येथे जोर-बैठकांइतकेच महत्त्व जोडीला आहे. तोडीची जोड रोज मिळाली नाही, तर मल्लाची प्रगती खुंटते.

केवळ हाताचा वेग निर्णायक नसतो, याचा पुरावा चीनमधील हांगझोऊ येथे मिळाला. २०२३मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५'चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने जिंकले. तेव्हा त्याचे वय ४४ वर्षे होते. ज्या वयात बहुतेक क्रीडापटू निवृत्त झालेले असतात, त्या वयात त्याने आपल्याहून कितीतरी तरुण स्पर्धकांना मागे टाकले. त्याची भिस्त अनुभवावर होती.

जपानमध्ये हा अनुभव गल्लोगल्ली उपलब्ध होता. १९९१मध्ये 'स्ट्रीट फायटर २' आला आणि तेथील गेम सेंटरमध्ये एकमेकांना पाठ लावून ठेवलेल्या यंत्रांची पद्धत रुळली. पलीकडे कोण बसले आहे हे न पाहताही १०० येनचे नाणे टाकून अनोळखी माणसाला आव्हान देता येत असे. जिंकणारा त्याच नाण्यावर खेळत राही, तर हरणाऱ्याला पुन्हा खिशात हात घालावा लागे. दाट लोकवस्ती आणि रेल्वेचे जाळे यांमुळे एका संध्याकाळी अनेक कसलेले प्रतिस्पर्धी भेटत. दाइगो उमेहारा हा विख्यात खेळाडू याच वातावरणात घडला. सोलमध्येही अशीच परंपरा होती. तेथील काही आर्केड टेक्केनच्या खेळाडूंचे आखाडेच बनले होते.

अमेरिकेत यंत्रे कमी नव्हती, पैसाही कमी नव्हता. पण शहरांमधील अंतरे मोठी होती आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती कन्सोलमुळे आर्केड ओस पडू लागली. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क येथील मोजकी केंद्रे तग धरून राहिली. आजची इव्हो स्पर्धाही १९९६मध्ये कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे सुमारे ४० खेळाडूंच्या मेळाव्यातून सुरू झाली.

२००४च्या इव्हो स्पर्धेत उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांची 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक' या खेळातील लढत गाजली. उमेहाराच्या पात्राची शक्ती जवळजवळ संपली होती. वाँगने निर्णायक प्रहारांची मालिका सोडली. उमेहाराने त्यातील प्रत्येक प्रहार अचूक क्षणी परतवला आणि सामना जिंकला. त्या प्रहारांची लय आधीपासून अंगवळणी पडल्याशिवाय हे घडणे शक्य नव्हते. या लढतीचे चित्रण आजही जपानी श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून दाखवले जाते.

त्याच स्पर्धेची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २' या दुसऱ्या खेळात त्याच वर्षी तोच जस्टिन वाँग विजेता ठरला. हा खेळही जपानीच. तरीही त्यात अमेरिकी खेळाडूंचे वर्चस्व वर्षानुवर्षे टिकले, कारण तो अमेरिकेतील आर्केडमध्ये जीव तोडून खेळला गेला आणि जपानमध्ये तो तितका रुजला नाही. म्हणजे तेच दोन देश, तीच माणसे; पण खेळ बदलला की श्रेष्ठत्वाचा क्रम उलटा झाला. उपजत चपळतेच्या सिद्धांताला याचे उत्तर देता येत नाही.

गरीब वस्त्यांमधील खेळाचा इतिहासही हेच सांगतो. ओसाकाच्याच एसएनके कंपनीने १९९०मध्ये 'निओ जिओ' ही यंत्रणा आणली. तिच्या यंत्रात केवळ कार्ट्रिज बदलून नवा खेळ बसवता येत असे. त्यामुळे दुकानदाराचा खर्च वाचे. मेक्सिकोसह लॅटिन अमेरिकेतील किराणा दुकानांपासून चीनमधील छोट्या आर्केडपर्यंत ही यंत्रे पोहोचली आणि त्यांच्यासोबत 'द किंग ऑफ फायटर्स' हा खेळही. चीनचा झेंग झुओजुन उर्फ 'शियाओहाय' याने या खेळात नाव कमावले, २०१४मध्ये इव्होचे विजेतेपद मिळवले आणि पुढे २०२४मध्ये रियाध येथील ई-स्पोर्ट्स विश्वचषकात 'स्ट्रीट फायटर ६'ही जिंकला. अर्सलाननेही टेक्केनकडे वळण्यापूर्वी 'किंग ऑफ फायटर्स'चेच धडे गिरवले होते.

लाहोरचे यश या पार्श्वभूमीवर पाहिले, की त्यातील गूढ उरत नाही. जपानमध्ये आर्केडची संख्या घटत गेली आणि अमेरिकेत ती जवळजवळ नामशेष झाली. लाहोरमधील गेमिंगची दुकाने मात्र चालू राहिली. घरी कन्सोल घेणे अनेकांना परवडत नव्हते आणि इंटरनेटवरून सलग, निर्वेध सामना होणे कठीण होते. त्यामुळे मुले दुकानात जमत आणि थोड्या पैशांत शेजारी बसून खेळत. ज्या गोष्टींकडे मागासलेपण म्हणून पाहिले जाते, त्यांनीच प्रत्यक्ष लढतीची सवय टिकवली. चांगला खेळाडू हरला, तर दुसऱ्या दिवशी तो त्याच दुकानात उत्तर घेऊन येत असे. ही देवाणघेवाण अनेक वर्षे चालली. जगाला ती दिसली नाही एवढेच.

ती का दिसली नाही, हा या विषयातील सर्वात गंभीर मुद्दा आहे. आंतरराष्ट्रीय क्रमवारी ही स्पर्धेत उतरलेल्यांची असते. जे विमानात बसूच शकत नाहीत, त्यांची नोंद त्यात होत नाही. स्वतः अर्सलानलाही व्हिसा आणि प्रवासाच्या अडचणींना तोंड देत फुकुओका गाठावे लागले होते. तो विमान चुकला असता, तर पाकिस्तानात टेक्केनचे चांगले खेळाडू नाहीत, हा समज आणखी काही वर्षे कायम राहिला असता. एखाद्या देशाचे खेळाडू कच्चे आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्यांचा पारपत्राचा दर्जा मोजत असतो.

अलीकडच्या काळात इंटरनेटमुळे हे चित्र पालटू लागले आहे. इव्होचे एक सहसंस्थापक टोनी कॅनन यांनी २००६मध्ये 'रोलबॅक' पद्धतीचे सॉफ्टवेअर विकसित केले. प्रतिस्पर्ध्याची पुढची कृती गृहीत धरून खेळ पुढे चालू ठेवायचा आणि अंदाज चुकल्यास क्षणार्धात दुरुस्ती करायची, असे त्याचे तत्त्व आहे. आता प्रमुख खेळांमध्ये ही पद्धत वापरली जाते. त्याचे परिणामही दिसतात. २०२३च्या इव्होमध्ये 'स्ट्रीट फायटर ६'साठी सात हजारांहून अधिक स्पर्धक उतरले आणि विजेतेपद संयुक्त अरब अमिरातीच्या खेळाडूकडे गेले. अंतिम लढतीतील त्याचा प्रतिस्पर्धी 'मेनाआरडी' हा डॉमिनिकन रिपब्लिक या छोट्या कॅरिबियन देशाचा होता. २०१७मध्ये वयाच्या १८व्या वर्षी कॅपकॉम कप जिंकणाऱ्या या खेळाडूने मायदेशी सहकाऱ्यांचा गट उभा केला, हे विशेष.

तथापि, तंत्रज्ञानालाही मर्यादा आहेत. मुंबई ते टोकियो हे अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. सरळ रेषेत तंतू टाकला, तरी संदेश जाऊन येण्यास ६७ सहस्रांश सेकंद, म्हणजे चार फ्रेम लागतील. प्रत्यक्षातील विलंब त्याहून अधिक असतो. म्हणूनच जवळचा, तोडीचा प्रतिस्पर्धी आजही अमूल्य आहे.

भारताच्या दृष्टीने यातून काय बोध घ्यावा? १९९०च्या दशकात आपल्या शहरांतही व्हिडिओ गेम पार्लर होती. मुंबई-पुण्याच्या एका पिढीला 'मुस्तफा' या नावाने परिचित असलेला खेळ आठवत असेल. मात्र तो दोघा-तिघांनी मिळून संगणकाविरुद्ध खेळायचा खेळ होता. पुढे ही पार्लर ओसरली आणि स्वस्त इंटरनेटमुळे तरुण पिढी मोबाइलवरील खेळांकडे वळली. लढतीचे प्रमुख खेळ कन्सोल व संगणकावरच राहिले. हांगझोऊ येथे अयान बिस्वास आणि मयांक प्रजापती यांनी 'स्ट्रीट फायटर ५'मध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. परंतु त्यांना पदकाच्या फेरीपर्यंत पोहोचता आले नाही. त्यांच्या वाट्याला सरावासाठी किती तोडीचे भारतीय प्रतिस्पर्धी आले असतील, याचा विचार केल्याशिवाय त्यांच्या कामगिरीचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या खेळांना बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यांच्यापासून वेगळे स्थान दिले. ही पावले महत्त्वाची आहेत. परंतु मान्यतेने खेळाडू घडत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. त्यातून खासबाग मैदान उभे राहिलेच. त्याचबरोबर कोल्हापूरच्या पेठापेठांतील तालमींना बळ मिळाले. कोल्हापूरच्या मातीत मल्ल घडतात, असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा ती किमया मातीबरोबरच रोज पहाटे त्या मातीत भेटणाऱ्या जोडीदारांचीही असते.

लढतीच्या व्हिडिओ गेमसाठी अशी तालीम उभारणे खर्चिक नाही. एक खोली, चार-पाच यंत्रे, आठवड्याचा ठरलेला दिवस आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडे दार एवढे पुरेसे आहे. त्याला परदेशी स्पर्धांसाठी प्रवासाच्या साहाय्याची जोड मिळायला हवी. देशादेशांतील कौशल्याचे अंतर अशा खोल्यांच्या संख्येवर ठरते. जेथे नवख्या खेळाडूला आपल्याहून सरस माणसाकडून रोज हरण्याची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच जाण्याची सोय असते, तेथे काही वर्षांनी विजेते निर्माण होतात. लाहोरने हे सिद्ध केले आहे. आपल्याकडील एखाद्या शहरातही ते घडू शकते.