मिसरूड फुटेपर्यंत थांबा

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धा लागतात. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत कबड्डी-खो-खोच्या मानाने फुटबॉलचे संघ थोडे; पण जे आहेत ते चिखलात जीव तोडून खेळतात. चौदा वर्षांखालील गटाचा कोणताही सामना पाहा. एखादा मुलगा असा असतोच, की ज्याचा आवाज फुटला आहे, खांदे भरले आहेत, ओठावर कोवळी मिसरूड आली आहे. चेंडू त्याच्याकडे गेला की समोरची दोन-तीन पोरे नुसत्या धक्क्याने बाजूला होतात. त्याच्या शाळेचे लोक त्याला डोक्यावर घेतात, हरलेल्या शाळेचे लोक त्याचा जन्मदाखला मागतात. आणि चेंडू पायाशी ठेवून मान वर करून खेळणारा, योग्य वेळी योग्य जागी पास देणारा साडेचार फुटी मुलगा ‘अजून लहान आहे’ म्हणून निवडीत मागे राहतो. पुढच्या वर्षी तो मैदानावर येतच नाही. हे स्फुट त्या मुलासाठी आहे.

मुलगे वयात येण्याची सुरुवात नवव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत कधीही होऊ शकते आणि वैद्यकशास्त्र या सगळ्याला स्वाभाविकच मानते. म्हणजे साडेतेरा वर्षांच्या दोन निरोगी मुलांपैकी एकाची उंची वाढून जवळजवळ पुरी होत आलेली असेल, तर दुसऱ्याची झपाट्याची वाढ सुरूही झालेली नसेल. मुलग्यांत ही वाढ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने होते, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत. स्नायूंची ताकद त्यानंतर काही महिन्यांनी भरते. वेग, उडी, धक्का झेलण्याची क्षमता यांतला मोठा फरक या वयात सरावापेक्षा वाढीने पडतो. त्यात शालेय गटांची वयमर्यादा १ जानेवारीला धरतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात उतरतो, तेव्हा निव्वळ जन्मतारखेनेच जवळजवळ वर्षाचे अंतर पडलेले असते.

आपल्या निवडीच्या पद्धती हे अंतर भरून काढण्याऐवजी वाढवतात. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी मुले निवडताना ज्या चाचण्या घेतात त्यांत उंची, ३० मीटर धाव, शटल रन, उभ्याने लांब उडी, मेडिसीन बॉल फेक, ८०० मीटर धाव अशा गोष्टी असतात. चाचण्या प्रामाणिक आहेत. पण आलेला आकडा कागदावरच्या वयाशी ताडून पाहिला जातो, शरीराच्या वयाशी नाही. लवकर वाढलेल्या मुलाचे पारडे तिथे आधीच जड असते. चेंडूवरचा ताबा, खेळाची समज, दोन पावले आधी ओळखण्याची नजर यांना या चाचण्यांत जागाच नाही. तालुक्याच्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. एक सामना हरला की वर्ष संपले. अशा वेळी क्रीडाशिक्षक दांडगा मुलगा निवडतात, यात त्यांचा दोष धरता येणार नाही.

यातली सर्वांत कठोर बाजू वेगळी आहे आणि ती शिरूर-दौंडमध्ये उघड दिसते. अन्न कमी पडले की वयात येणे लांबते. साखर कारखाने, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, वीटभट्ट्या यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या मजूर कुटुंबांची मुले याच शाळांत बसतात. ऊसतोडीच्या कोप्यांवरचे मूल तर हंगाम संपला की गावाकडे निघून जाते. घरी दूध-अंडी असलेला मुलगा आणि चटणी-भाकरीवर वाढलेला मुलगा एकाच वयाचे असले तरी एकाच वेळी वयात येतील असे नाही. म्हणजे आपण ताकद पाहून निवड करतो, तेव्हा पुष्कळदा ताट पाहून निवड करत असतो. आणि हा फरक फार आधीपासून सुरू होतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य संशोधन शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे कित्येक वर्षे चालू आहे. याच रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. शरीराच्या वाढीचा इतका बारीक अभ्यास ज्या परिसरात झाला, त्याच परिसरातल्या मैदानांवर त्याचा मागमूस नसावा, याची खंत वाटते.

लवकर वाढलेल्या मुलाचेही यात भले होत नाही. धक्क्याने काम भागते म्हणून तो चेंडू थांबवायला, वळवायला, डाव्या पायाने मारायला शिकत नाही. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या खांद्याला लागतात आणि मग त्याच्याकडे दाखवण्यासारखे काही उरत नाही. वर त्याच्यावर वयचोरीचा संशय असतो तो वेगळाच. शाळेत गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावलेली आधीची पिढी गावोगाव आहे, त्यामुळे संशय घेणाऱ्यांनाही अगदी चूक म्हणता येत नाही. वय लपवणे ही खरी फसवणूक आहे आणि तिला शिक्षा हवीच. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढण्याची पद्धत आपले क्रिकेट मंडळ आणि फुटबॉल महासंघ वापरतात. जागतिक फुटबॉल महासंघ २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी मनगटाचा एमआरआय पाहतो. पण हाडांचे वय दीड-दोन वर्षे पुढे असलेला तेरा वर्षांचा मुलगा खोटारडा असतोच असे नाही, हे तक्रार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बाहेर या प्रश्नाला उत्तरे शोधली गेली आहेत. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या गुणी मुलांसाठी वयोगटाच्या राष्ट्रीय संघाच्या जोडीला दुसरा संघ उभा केला, म्हणजे शरीर भरेपर्यंत त्यांना खेळायला मिळावे. इंग्लंडमध्ये प्रौढ उंचीचा किती टक्के भाग गाठला आहे, त्यावरून मुलांचे गट पाडून सामने खेळवले गेले. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडले होते. २०१६ मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली तेव्हा तो त्यांचा मुख्य गोल करणारा होता. त्याला खालच्या पातळीवर खेळत राहायला क्लब होते. दौंडच्या मुलाला शाळेचा संघ सुटला की दुसरे काय आहे?

आपल्याकडे २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला. त्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळला गेला, शाळांना चेंडू वाटले गेले. चेंडू आले ते चांगलेच झाले. आता एक टेप आणि एक वही हवी.

प्रत्येक क्रीडाशिक्षकाने संघातल्या आणि संघाबाहेरच्या मुलांची उंची दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, अनवाणी उभे करून मोजावी आणि तारखेसह लिहावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन उंची-वजन घेतेच. ते आकडे वहीत उतरवून घ्यावेत. वर्षभरात कुणाची वाढ सुरू झाली, कुणाची थांबत आली, कुणाची अजून व्हायची आहे, हे त्या वहीतून कळते. उंची भराभर वाढत असताना मुलगा अडखळतो, पाय जड होतात, गुडघ्याच्या खालच्या हाडावर किंवा टाचेत दुखू लागते. त्या दिवसांत त्याला ‘आळशी झालास’ म्हणून जास्त पळवू नये. उड्या आणि पळणे कमी करून चेंडूवरचे काम द्यावे, दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. मुलींमध्ये हे सगळे साधारण दोन वर्षे आधी येते, आणि पाळी सुरू झाली की घरचे मैदान बंद करतात. तिथे शिक्षिकेने आईशी बोलणे हाच उपाय आहे.

तालुका क्रीडा कार्यालयांकडे आमची मागणी एवढीच आहे. बाद सामन्यांच्या आधी किंवा नंतर एक दिवस असा ठेवा, की ज्या दिवशी गट वयाऐवजी उंची-वजनाने पाडले जातील आणि निकालाला महत्त्व नसेल. निवड करणाऱ्यांना तो दिवस पाहायला बोलवा. आणि क्रीडाशिक्षकांनो, यंदा संघात न बसलेल्या मुलांची नावे वहीतून खोडू नका. पुढच्या जूनमध्ये त्यांना घरी निरोप पाठवून सरावाला परत बोलवा, आणि त्याच्या पुढच्या जूनमध्येही.