हमालाचं काम शून्य कसं?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की ऊर्जा शिबिरं भरतात. कॉलेजं भरवतात, विज्ञान मंडळं भरवतात, सामाजिक संस्थाही भरवतात. बहुतेक शिबिरांचा आराखडा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी ऊर्जेचे प्रकार, दुसऱ्या दिवशी सोलर कुकर, मग एखाद्या वीज केंद्राला भेट आणि शेवटी 'वीज वाचवा' ही शपथ. शपथ घेणाऱ्या रांगेत तीन खोल्यांत तीन एसी असलेल्या घरातला मुलगा असतो आणि एक बल्ब, एक पंखा असलेल्या घरातली मुलगीही असते. उपदेश दोघांना सारखाच. ज्या घरात वाचवण्याइतकी वीज कधी आलीच नाही, त्या घरातल्या मुलीने नेमकं काय वाचवायचं, हे कोणी सांगत नाही.

ऊर्जा हा विषय विज्ञानाचा आहे, तितकाच तो जातीचाही आहे. कोणाच्या जमिनीखालचा कोळसा निघतो, राख कोणाच्या पाण्यात जाते, खांब कोणत्या गल्लीपर्यंत येतो आणि ओझं कोणाच्या डोक्यावर राहतं, हे प्रश्न त्यात आहेत. हे सगळं विज्ञानाच्या तासाला शिकवता येतं का? माझं उत्तर आहे, हो. आणि ते सगळ्यात चांगलं शिकवू शकतात ते वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभे राहिलेले विज्ञानाचे शिक्षक. अट एकच आहे. त्यांच्यासमोर बसलेली मुलं कोणाची आहेत आणि त्या मुलांना प्रश्न विचारायची मुभा आहे का, हे आधी बघायला हवं.

माझा पीएचडीचा विषय पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांचं विज्ञान शिक्षण हा आहे. त्या कामासाठी गेल्या मे महिन्यात विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी पाच दिवसांच्या ऊर्जा शिबिरात मी नोंदी घेत बसलो होतो. अकरावी ते पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंतची चाळीसेक मुलं-मुली होती. शिकवणारे चार शिक्षक होते, त्यातले दोन निवृत्त. चौघांनाही वीस वर्षांहून जास्त अनुभव. प्रोजेक्टर होता, पण तो त्यांनी दुसऱ्या दिवसापासून लावलाच नाही. सायकलच्या डायनॅमोवर बल्ब पेटवायला लावला, बल्ब लावल्यावर पॅडल जड का होतं ते पायाला कळू दिलं आणि मगच 'वॅट' हा शब्द फळ्यावर लिहिला. अनुभव म्हणतात तो हाच. व्याख्या कधी सांगायची, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

निवृत्त शिक्षिका असलेल्या मॅडमनी तिसऱ्या दिवशी सगळ्यांना घरचं वीजबिल आणायला सांगितलं. स्थिर आकार, युनिट, टप्प्यांचे दर हे सगळं बिलावर बोट ठेवून शिकवायचं होतं. पण काही मुलांकडे बिलच नव्हतं. एकाचं बिल घरमालकाच्या नावावर येत होतं आणि घरमालक दर 'पॉइंट'मागे ठरलेली रक्कम घेत होता. एकीच्या घराची जागा नावावर नसल्यामुळे मीटर मिळालेला नव्हता, शेजारून वायर ओढलेली होती. मॅडमनी धडा तिथेच थांबवला आणि फळ्यावर नवा प्रश्न लिहिला: मीटर मिळायला काय काय लागतं? पुढचा तासभर युनिटऐवजी सातबारा, भाडेकरार आणि गावठाण यांवर बोलणं झालं. माझ्या मते शिबिरातला तो सगळ्यात चांगला विज्ञानाचा तास होता. मोजमाप कुठून सुरू होतं आणि कोण मोजलंच जात नाही, हे त्या तासाने दाखवलं.

दुसरा प्रसंग 'कार्य' या संकल्पनेचा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं जुनं उदाहरण आपण सगळे पाठ करून आलोय: डोक्यावर ओझं घेऊन सपाट फलाटावर चालणारा हमाल गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शून्य कार्य करतो, कारण बल उभं आणि विस्थापन आडवं. एका मुलीने हात वर केला. तिची आई वीटभट्टीवर विटा वाहते. ती म्हणाली, "सर, मग माझी आई दिवसभर काहीच काम करत नाही?"

हा प्रश्न हसण्यावारी नेता आला असता. 'विज्ञानात कामाचा अर्थ वेगळा असतो' एवढं म्हणून पुढे जाता आलं असतं. बहुतेक वर्गांत तसंच होतं. सरांनी तसं केलं नाही. त्यांनी दोन मुलांना वह्यांची पोती डोक्यावर देऊन आवारात फेऱ्या मारायला लावल्या आणि आधीची व नंतरची नाडी मोजली. मग समजावलं. सूत्र ओझ्यावर झालेलं कार्य मोजतं, शरीराने मोजलेली किंमत मोजत नाही. ओझं तोलून धरायला स्नायू सतत आकुंचन पावत राहतात, प्रत्येक पावलाला शरीर थोडं वर-खाली होतं, आणि खाल्लेल्या भाकरीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सूत्र चूक नाही. सूत्राला विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

तिथून पुढचं गणित मुलांनीच केलं. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. 50 किलोचं पोतं दीड मीटर उचलायला साधारण 735 ज्यूल लागतात. म्हणजे एका युनिटात अशी सुमारे 4,900 पोती उचलता येतील, यंत्रातली गळती सोडून. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा वेगाने साधारण 75 वॅटने काम करतो. आठ तासांचे होतात 0.6 युनिट. अख्ख्या दिवसाच्या घामाची वीजबिलातली किंमत काही रुपये.

हे आकडे ऐकून वर्ग शांत झाला होता. त्या शांततेचा अर्थ समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगायला हवा. जे काम काही रुपयांची वीज करू शकते, ते आजही माणसाच्या मानेवर का आहे? वीज महाग आहे म्हणून नाही. काही माणसांचं शरीर स्वस्त ठरवलेलं आहे म्हणून. गटार साफ करणारी यंत्रं अस्तित्वात आहेत. केरळमध्ये 2018 पासून मॅनहोल साफ करणारा यंत्रमानवही वापरात आला. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध 1993 चा कायदा आहे, 2013 चा कायदा आहे. तरीही माणूस गटारात उतरवला जातो, कारण त्या जातीचा माणूस यंत्रापेक्षा सहज मिळतो. यंत्र कुठे येतं आणि कुठे येत नाही, हे ठरवण्यात तंत्रज्ञानाइतकाच जातीचाही हात असतो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. यंत्राला नावं ठेवणाऱ्यांना त्यांचं उत्तर स्पष्ट होतं: जनावरासारख्या कष्टातून माणसाची सुटका करून त्याला फुरसत आणि संस्कृती देण्याचं साधन यंत्रच आहे, दोष यंत्राचा नाही, ते काही लोकांच्या मालकीचं करून ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. देशभराच्या वीज विकासाचं नियोजन व्हावं म्हणून 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं ते त्यांच्याच काळात. 1943 च्या पुरानंतर दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी गती दिली. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत बाबासाहेब 'वीज' या धड्यात भेटतात?

त्याच दामोदर योजनेशी जोडलेलं दुसरं नाव मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचा मुलगा. कलकत्त्याच्या हिंदू हॉस्टेलमध्ये खालच्या मानलेल्या जातीचा म्हणून त्यांना इतरांबरोबर पंगतीला बसू दिलं नाही. 1920 मध्ये त्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारं आयनीभवनाचं समीकरण मांडलं. पुढे नद्या, वीज आणि नियोजन यांवर ते आयुष्यभर लिहीत राहिले आणि 1952 मध्ये लोकसभेत निवडून गेले. विज्ञानाच्या तासाला साहांचं समीकरण शिकवतात, पंगत शिकवत नाहीत. पहिल्या पिढीतल्या मुलाला दोन्हींची गरज आहे. समीकरणाने त्याला कळतं की हे आपल्याला जमू शकतं; पंगतीने कळतं की अडथळा आपल्या बुद्धीत नव्हता.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही शिबिरात यायला हवी. दामोदर खोऱ्यातल्या धरणांनी अनेक आदिवासी गावं उठवली. बाबासाहेबांबद्दल आदर आहे म्हणून हे लपवायचं कारण नाही. वीज कोणासाठी, या त्यांच्याच प्रश्नाचा तो पुढचा भाग आहे.

तो प्रश्न आजही जिवंत आहे. 2004 मध्ये 'विद्युतीकरण झालेलं गाव' याची सरकारी व्याख्या बदलली. मुख्य वस्तीबरोबर दलित वस्तीतही वीजवाहिनी पोचली पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहावं लागलं. लिहावं लागलं, कारण त्याआधी गावात वीज येऊनही आपल्या वस्तीत अंधार राहू शकत होता. त्याच व्याख्येत गावातल्या फक्त 10 टक्के घरांत वीज असली तरी गाव 'विद्युतीकृत' धरलं गेलं. एप्रिल 2018 मध्ये देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचल्याची घोषणा झाली, ती याच मापाने. त्यातली 'गाव' आणि 'घर' यांच्यामधली फट शिबिरातल्या कुठल्याही मुलाला एका तासात दाखवता येते.

आता सौर ऊर्जेचं युग आहे म्हणतात. सूर्य सगळ्यांचा आहे हे खरं, पण छप्पर आणि जमीन सगळ्यांची नाही. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्यासाठी स्वतःचं पक्कं छत आणि स्वतःच्या नावाची वीजजोडणी लागते. मॅडमच्या तासाला बिल न आणू शकलेली मुलं इथेही बाहेर. कर्नाटकातल्या पावगडा इथे सुमारे 13,000 एकरांवर 2,050 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. जमीन भाड्याने घेतली, मालकांना एकरी वर्षाला 21,000 रुपयांपासून भाडं सुरू झालं. पण त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनांच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून भाडंही नाही आणि शेतातलं कामही गेलं. हे भूमिहीन बहुतांश कोण, हे वेगळं सांगायला नको. कोळशाचा धूर गेला तरी जात आपोआप जात नाही.

मग करायचं काय? विज्ञानाच्या शिक्षकांवर राग काढून उपयोग नाही. उलट अशा शिक्षकांना शोधून काढायला हवं. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांपासून प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचं काम सुरू झालं, तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले लोक खेड्यातल्या शाळांत येऊन बसले. 2002 मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला, पण चांगला विज्ञान शिक्षक खेड्यात येऊ शकतो, हे त्या तीस वर्षांनी सिद्ध केलं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच विचारलं होतं: कर भरणार शेतकरी-कष्टकरी, आणि त्यातून शिकणार वरचे लोक, हे कुठवर चालायचं?

शिबिरांकडून आपण काही साध्या गोष्टी मागू शकतो. शिबिर शहरातल्या सभागृहाऐवजी वस्तीतल्या समाजमंदिरात, बुद्धविहारात भरू द्या. फी ठेवू नका, आणि निवडीसाठी इंग्रजीतला निबंध मागू नका. वीज केंद्राच्या भेटीत टर्बाइनबरोबर राखेचा तलाव आणि कंत्राटी कामगारांची वसाहतही दाखवा. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॅटचा धडा या दोन्हींशिवाय पूर्ण होत नाही. आणि शेवटच्या दिवशी शपथेऐवजी वस्तीची ऊर्जा पाहणी करून घ्या: किती घरांना स्वतःचा मीटर, किती घरांत गॅस आहे पण सिलिंडर परवडत नाही, कोण अजून लाकूडफाटा वाहतं.

उरलेलं काम आपलं आहे. आपल्यातले कितीतरी जण बीएस्सी झालेत, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करून बसलेत, सेट-नेटचे फॉर्म भरतायत. या अनुभवी शिक्षकांशेजारी फळ्यापाशी उभं राहायची आपली वेळ झाली आहे. डायनॅमो कसा चालतो हे त्यांच्याकडून शिकू या, आणि बिल कोणाच्या नावावर येतं हा प्रश्न आपण विचारू या. डोक्यावरच्या विटांचं काम शून्य का, असं पुन्हा एखादी मुलगी विचारेल तेव्हा, तिच्या आईला ओळखणारं कोणीतरी तिथे उत्तर द्यायला असलं पाहिजे.

जय भीम.